दोन बोटं वाकडी

मी ओळंबा बोलतोय. गवंड्याच्या पिशवीत थापीखाली, दोरीत गुंडाळलेला पितळी गोळा असतो ना, तोच. वर गोल, खाली टोकदार. जन्मभर मी एकच गोष्ट सांगत आलो: ही भिंत सरळ आहे, ही नाही. त्याहून जास्त बोलायची मला कधी गरज पडली नाही. पण या घरातल्या माणसांनी गेले काही महिने माझं डोकं असं काही उठवलंय, की आता बोललो नाही तर पितळेचा असूनही मला तडा जाईल.

माझा जन्म एका लेथवाल्याच्या दुकानात झाला. पहिला पगार हातात पडला की लोक कपडे घेतात, मित्रांना चहा पाजतात. दादा थेट लेथवाल्याकडे आला आणि म्हणाला, "मला माझा स्वतःचा ओळंबा पाहिजे. मामाचा वापरून कंटाळलो." लेथवाल्याने पितळी कांबीचा एक तुकडा यंत्राला लावला. माझ्या अंगाचे कुरळे कीस जमिनीवर पडत गेले आणि उरलो तो मी.

मग त्याने मोडक्या पलंगाच्या पायातून एक ठोकळा कापला. ठोकळ्याला भोक, भोकातून दोरी, दोरीच्या टोकाला मी. ठोकळा वर भिंतीला टेकवायचा आणि मी खाली लोंबायचं. आम्ही दोघे एका मापाचे. म्हणून मी भिंतीला नुसता शिवून राहिलो की समजायचं, भिंत सरळ.

"हे दोघे भाऊ समज," लेथवाला दादाला म्हणाला. "एक जाड आणि एक बारीक झाला, की भिंत खोटं बोलायला लागेल."

दादाला धाकटा भाऊ होताच. तेव्हा तो इतकासा होता आणि एका जागी बसणं त्याला ठाऊक नव्हतं. शाळा त्याला मानवली नाही आणि तो शाळेला मानवला नाही, त्यामुळे लवकरच दोघांनी एकमेकांना सोडलं. एकदा घरात कुणी नाही असं बघून त्याने मला पिशवीतून काढलं, दोरी गुंडाळली आणि फरशीवर फेकलं. भोवरा म्हणून! मी! ज्याने हलायचं नाही, त्याला याने गरगर फिरवलं. माझं टोक फरशीवर आपटून बोथट झालं आणि फरशीचाही टवका उडाला.

दादाने त्याला एक ठेवून दिली. मग संध्याकाळभर कानस घेऊन माझं टोक घासत बसला. ते पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही, आजही बोथट आहे. त्या दिवसापासून पोराला घरात सगळे भोवरा म्हणू लागले. नाव अगदी शोभलं.

दादाबरोबर मी पुष्कळ घरं उभी केली. घरमालक चहाचा पेला घेऊन मागे उभे राहायचे. मी सांगायचो की भिंत सुतभर बाहेर आहे. दादा म्हणायचा, "उतरवावी लागेल." मालक म्हणायचा, "राहू दे, चालतंय की!" या 'चालतंय की'ने जगातल्या जेवढ्या भिंती वाकड्या केल्या, तेवढ्या भूकंपांनीही केल्या नसतील. दादा ऐकून घ्यायचा आणि मालक जेवायला गेला की भिंत उतरवायचा.

अशा माणसाला सीमेपलीकडच्या पडक्या शहरात काम मिळालं.

पडक्या शहरात ओळंबा नेणं म्हणजे टकल्याच्या घरी कंगवा पाठवणं. खांब आडवे, कमानी अर्ध्या, पायऱ्या चढून गेलं तर वर काही नाही. लोक बसने सीमा ओलांडून हे बघायला येतात, पैसे देतात, आणि घरी एक फरशी हलली तर गवंड्याच्या नावाने शंख करतात. मला तर कुठे टांगून घ्यावं तेच कळेना.

तिथे कामावर देखरेख करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी दादाला जुन्या टाक्यामागची एक भिंत दाखवली. अर्धी उभी, अर्धी ढासळलेली. उभी होती तीही वर जाता जाता मागे कललेली.

"ढासळलेला भाग नव्याने घ्यायचा," बाई म्हणाल्या, "आणि जुनीइतकाच मागे कललेला."

"मी वाकडं बांधत नाही, बाई."

"वाकडं नको रे बाबा, तिच्यासारखं हवंय. तू सरळ बांधलीस तर वर जाईपर्यंत दोघी एकमेकींना सोडतील. मग पावसाळ्यात दोन्ही पडतील."

दादा दिवसभर तणतणला. दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम सरळ थर लावले, लांब जाऊन बघितलं आणि स्वतःच उतरवले. मग एका खोक्याची फळी कापून पट्टी केली, दोन बोटं जाडीची, आणि ती माझ्या ठोकळ्याला दोन खिळ्यांनी ठोकली. आता ठोकळा भिंतीला टेकवला की मी दोन बोटं लांब लोंबायचो. जिथे मी भिंतीला शिवायचो, तिथे भिंत बरोबर जुनीइतकी कललेली असायची.

मला संताप आला. जन्मभर खरं बोललेल्याला म्हातारपणी खोटी साक्ष द्यायला लावावी तसं झालं. पण दिवस जात गेले तसं एक लक्षात आलं. मी पूर्वीसारखाच सरळ लोंबत होतो. माझ्यात काही बदललं नव्हतं. दादाने फक्त त्या जुन्या भिंतीची चाल समजून घेतली होती. सरळ भिंत कुणीही बांधेल. एखादीच्या कलाने घेत तितकीच कललेली भिंत बांधायला हात खंबीर लागतो. दादाचा होता.

एवढं मोठं काम करत होता, तर घरी सांगावं की नाही? नाही! फोनवर भोवऱ्याला म्हणाला, "ये एकदा इकडे. टाक्याच्या मागे, अंजिराच्या झाडापाशी. गंमत दाखवतो."

"काय गंमत?"

"ये तर आधी. फोनवर सांगून तुझ्या डोक्यात शिरणार आहे का?"

"पुढच्या महिन्यात येतो."

पुढच्या महिन्यातही तो पुढच्या महिन्यातच येणार होता. दोघांपैकी कुणाचं डोकं आधी आपटावं, हा मला प्रश्नच आहे.

भिंत पुरी झाली आणि दादाला ताप आला. "गोळी घेतलीय, उतरेल." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि घरून फोन आला तर "मजेत आहे, आई." भिंतीत सुतभर फरक पडला तर जेवण न जाणारा माणूस! त्याला स्वतःच्या अंगातला ताप कळू नये? सोबतच्यांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं तेव्हा मी पिशवीत होतो. पिशवी खोलीतच राहिली. तो परत आला नाही.

यावर मला आणखी काही बोलायचं नाही. पुढचं ऐका.

सामान आणायला मामा गेला. ज्याच्याकडे दादा काम शिकला, तोच हा मामा. गवंडी माणूस! भाच्याची शेवटची भिंत बघितल्याशिवाय कसा येईल? बघितली, आणि खिशातला स्वतःचा ओळंबा लावला. परत आल्यावर भेटायला जमलेल्या चार माणसांत डोळे पुसत म्हणाला, "पोराचा हात हलत होता गं ताई. भिंत दोन बोटं वाकडी आहे. ताप त्याच्या अंगात महिनाभर आधीपासून मुरला असणार. नाहीतर आपला दादा असली भिंत बांधेल का?"

आईने पदर तोंडाला लावला. महिनाभर ताप अंगात घेऊन पोरगा फोनवर मजेत आहे म्हणत होता, आणि आपल्याला आवाजावरूनही कळलं नाही. तिच्या डोक्यात हे बसलं ते बसलंच. त्या दिवसापासून ती भाजी चिरताना मध्येच थांबायची. मामा वाईट नव्हता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला! त्याला शेजारची जुनी भिंत बघायला डोळे नव्हते?

भोवरा उसळला. "दादाची भिंत वाकडी असूच शकत नाही! तू चुकीचं बघितलंस!"

"अरे, ओळंबा लावून बघितली."

"कुठला ओळंबा?" भोवऱ्याने पिशवी उपडी केली, मला बाहेर काढलं आणि ठोकळ्यावरची पट्टी बघितली. "हे बघ! हे बघ काय केलंय कुणीतरी! असल्या बिघडलेल्या ओळंब्याने बघितलंस तर वाकडीच दिसणार!"

"मी माझ्या ओळंब्याने बघितली रे."

पण ऐकून घेईल तर तो भोवरा कसला? पक्कड घेतली, पट्टी उचकटली, खिळे वाकडेतिकडे निघाले, आणि पट्टी खिडकीतून भिरकावून दिली. ती शेजारच्या शिंप्याच्या पत्र्यावर जाऊन खडखडली. खालून शिंपी ओरडला, "पत्रा फोडता का रे आता?"

मला तोंड असतं तर! दादाने जगात शेवटचं जे काही स्वतःच्या हाताने घडवलं, ते या गाढवाने पत्र्यावर फेकलं. कशासाठी, तर दादाची बाजू घेण्यासाठी. घरचं झालं थोडं, त्यात हे घोडं.

"आता हा बरोबर झाला," मला हातात तोलत तो म्हणाला. "मी जातो आणि बघून येतो. आई, भिंत सरळ निघाली तर त्याला ताप नव्हता. कळलं? शेवटी आला तेवढाच."

आई म्हणाली, "आणि वाकडी निघाली तर?"

त्याने मला खिशात टाकलं आणि चपला घालायला लागला.

एकट्याने सीमा ओलांडायची तर कागद फार लागतात. म्हणून तो सहलीच्या बसमध्ये बसला. सकाळी सीमा, दुपारी पडकं शहर, संध्याकाळी परत. बसमध्ये सगळे टोप्या घातलेले, हसणारे, आणि त्यांच्यात हा तोंड पाडून बसलेला. शेजारच्या सीटवर एक छत्रीवाल्या काकू होत्या. त्यांची छत्री सारखी याच्या बरगडीत जात होती आणि प्रश्न कानात.

"एकटाच का रे? आईवडील?"

"आई घरी आहे."

"मग तिकडे कोण?"

"दादा. कामावर आहे तिकडे."

मी खिशात दचकलो. आहे! हा पठ्ठ्या कुणाशीही बोलताना 'होता' म्हणतच नव्हता. किराणावाल्याला, शिंप्याला, फोनवरच्या मित्राला, सगळ्यांना 'दादा तिकडे कामावर आहे.' जसं काही तोंडाने म्हणेपर्यंत ते झालेलंच नाही.

काकूंनी लगेच डबा उघडून अर्धं जेवण कागदात बांधलं. "घे, दादाला दे. परमुलखात काय खात असेल बिचारा! आणि सांग, काकूंनी दिलंय म्हणून."

याने ते घेतलं. घेतलं! नाही म्हणता येत नव्हतं का?

सीमेवरच्या नाक्यावर बस थांबली आणि सगळ्यांना सामानासकट खाली उतरवलं. जगात सरळ रेषा कुणाला आवडत असेल तर मला, पण इथली रांग बघून मलाही तिचा वीट आला. एका खिडकीवर शिक्का, दुसऱ्या खिडकीवर शिक्का बघून शिक्का. मग पिशव्या यंत्रातून. माझा नंबर आला आणि यंत्र कोकललं. टेबलामागच्या अधिकाऱ्याने मला बाहेर काढून उजेडात धरलं.

"हे काय?"

"ओळंबा."

"कशाला?"

"भिंत बघायला."

"भिंत डोळ्यांनी बघतात."

मागचे लोक हसले. भोवऱ्याचे कान लाल झाले. "दादाचा आहे, साहेब. गवंडी आहे तो, तिकडे जुन्या शहरात कामावर आहे. त्याला द्यायला नेतोय."

अधिकाऱ्याने मला फिरवून फिरवून बघितलं. "ठीक आहे. पण दादाला देऊन ये. संध्याकाळी परत येताना हा तुझ्याकडे सापडला, तर तिकडून उचललेली जुनी वस्तू समजून ठेवून घेईन. तिकडचा खडासुद्धा बाहेर आणायचा नाही, असा नियम आहे. असली पितळी चीज दिसली की आधी आम्हालाच बोलणी बसतात."

आता आली का पंचाईत? ज्या माणसाला मी द्यायचा तो नाही, आणि ज्याच्याकडे मी आहे त्याने कबूल केलंय की देईन म्हणून. खरं एकदाच बोलावं लागतं. खोट्याला मात्र परतीचं तिकीटही काढावं लागतं.

दोन नाक्यांच्या मधला रस्ता पायी ओलांडायचा होता. तो ना या देशाचा, ना त्या देशाचा. त्यामुळे तो कुणीच झाडत नाही. मग पलीकडच्या खिडक्या, पलीकडचे शिक्के आणि पुन्हा तीच बस.

पडक्या शहरात गाईड झेंडा घेऊन पुढे आणि सगळे मागे. "इथे राजा न्हायचा. इथे राणी बसायची." एकानेही विचारलं नाही की हे बांधलं कुणी. भोवऱ्याला राजाराणीशी घेणंदेणं नव्हतं. टाकं दिसताच तो रांगेतून फुटला. टाक्यामागे दोरी बांधलेली आणि पाटी लावलेली. पाटी वाचायला भोवऱ्याला वेळ लागतो आणि पाळायला त्याहून जास्त. तो दोरीवरून उडी मारून आत गेला.

शिटी वाजली. पहारेकरी धावत आला. "ए, बाहेर ये! दिसत नाही का? जुनं बांधकाम आहे ते!"

"हे फिकट दगड जुने नाहीत. हे माझ्या दादाने लावलेत."

पहारेकऱ्याने मला बघितलं, ऊन बघितलं आणि अंजिराची सावली बघितली. "हात लावून काही पाडू नको," म्हणाला आणि सावलीत जाऊन बसला.

भोवऱ्याने दोरी दादाने मारलेल्या गाठीपर्यंत सोडली आणि ठोकळा भिंतीला टेकवला. मी खाली गेलो आणि भिंतीला धडकून तसाच टेकून बसलो. ओळंबा भिंतीला रेलला, की भिंत वर मागे गेली आहे हे पोरसवदा गवंड्यालाही कळतं. त्याने मला ओढून घेतलं. दोन पावलं सरकून पुन्हा लावलं. मी पुन्हा रेललो. पुन्हा. पुन्हा. मी तरी काय करू? मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायची पट्टी याने पत्र्यावर फेकलेली.

तो खाली बसला. मग रागाने काकूंचं पुडकं फोडलं आणि दादासाठी दिलेलं जेवण बकाबका खाऊ लागला. डोळ्यांतून पाणी, तोंडात घास. मध्येच ठसका लागला तरी खात राहिला. "महिनाभर," तो भिंतीला म्हणाला. "महिनाभर ताप होता, आणि मला म्हणतोस गंमत दाखवतो? ही गंमत?"

मी ओरडत होतो, शेजारची बघ! अरे मूर्खा, शेजारची बघ! पण माझं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

शेवटी त्याच्या डोक्यानेच काम केलं असं म्हणायची सोय नाही. काम केलं त्याच्या रागाने. गाईडचा आवाज टाक्याच्या पलीकडून आला, "हे अप्रतिम बांधकाम बघा, आजही जसंच्या तसं उभं आहे." भोवरा तटकन उठला. "अप्रतिम? थांबा, तुमचं अप्रतिम बघतो!" असं म्हणून त्याने मला जुन्या भिंतीला लावलं. तिचंही उणं काढायला.

मी तिलाही रेललो.

"हीही वाकडी!" तो पहारेकऱ्याकडे बघून ओरडला. "ही तर माझ्या दादाच्या भिंतीइतकीच..."

आणि थांबला.

त्याने ठोकळा हळूहळू भिंतीपासून पुढे ओढला. मी सुटून मोकळा लोंबू लागलो, तिथे हात रोखला. ठोकळा आणि भिंत यांच्यात फट पडली होती. त्याने त्यात बोटं घातली. दोन. नव्या भिंतीकडे गेला आणि तसंच केलं. दोन. टोकाला जाऊन बघितलं, मधे बघितलं, पहारेकऱ्याच्या खुर्चीवर चढून वर बघितलं. दोन, दोन, दोन. कुठे बोटभर जास्त नाही, कुठे केसभर कमी नाही. ताप चढलेला हात असा चालत नाही.

बोटं त्या फटीत तशीच ठेवून तो उभा राहिला.

"पट्टी," तो म्हणाला. "पट्टी दोन बोटांचीच होती."

"काय झालं?" पहारेकऱ्याने विचारलं.

"काही नाही. मी गाढव आहे."

"ते मी तुला उडी मारतानाच ओळखलं होतं."

भोवरा हसला. हसता हसता त्याने कपाळ नव्या दगडाला टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. पहारेकऱ्याने शिटी तोंडात धरली होती, पण वाजवली नाही. बसचा हॉर्न मात्र वाजत राहिला.

बसमध्ये सगळे याच्या नावाने ओरडत होते. काकू सर्वांत जास्त. "तुझ्यामुळे उशीर! भेटला का दादा?"

"भेटला."

"जेवला?"

याने खिडकीबाहेर बघितलं. मी खिशात कपाळाला हात लावला असता, पण मला दोन्ही नाहीत.

संध्याकाळी पुन्हा तो नाका, तीच रांग, तेच टेबल, तोच अधिकारी. काकूंनी पडक्या शहराच्या दारात एक मातीचा दिवा घेतला होता, विकणाऱ्याने हजार वर्षांचा म्हणून सांगितलेला. तो अजून भट्टीतला गरम असावा. दिवा विनाचौकशी सुटला. यंत्र कोकललं ते माझ्यावर.

"अरे, तू!" अधिकारी म्हणाला. "सकाळी काय ठरलं होतं? दादाला द्यायचा होता ना?"

"हो."

"मग?"

अधिकाऱ्याने मला ट्रेमध्ये बाजूला सरकवलं. त्या ट्रेमध्ये जप्त केलेले खापराचे तुकडे, एक दगडी कान, कुणाच्या तरी पोराने उचललेला खडा. मी त्यांच्यात जाऊन पडलो. मी! पुरातन! माझ्यावर लेथच्या रेषा अजून आहेत!

"दादाने घेतला का नाही? भेटला नाही का?" अधिकाऱ्याने पुढच्या माणसाला खूण केली. "चल, हो पुढे. हा राहील इथे."

मला वाटलं, आता हा म्हणेल दादाने नवा घेतला. किंवा दादा सुट्टीवर आहे. तोंड उघडलं की याच्या जिभेवर पहिलं येतं ते खोटंच येतं, आणि मग मी जन्मभर त्या दगडी कानाशेजारी. भोवऱ्याने ट्रेची कड धरली.

"दादा नाहीये, साहेब," तो म्हणाला. "वारला. तिकडेच, तापाने. सकाळी मी खोटं बोललो. ओळंबा त्याचा होता. आता माझा आहे."

होता. पहिल्यांदा. मागे रांगेत काकूंची छत्री खाली पडली.

अधिकाऱ्याने मला पुन्हा हातात घेतलं. अंगठा माझ्या टोकावरून फिरवला. "हे असं बोथट कशाने झालं?"

"मी लहानपणी भोवरा म्हणून फिरवला. दादाने मारलं होतं मला."

अधिकाऱ्याने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग मला त्याच्या हातात ठेवलं. "असलं खोटं कुणाला सुचणार नाही. जा. आणि सकाळीच सांगायचं होतं रे हे."

बसमध्ये बराच वेळ काकू एक शब्द बोलल्या नाहीत. हे मोठंच आश्चर्य. मग हळूच म्हणाल्या, "माझा डबा?"

"मी खाल्ला, काकू."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि छत्री आपल्या पलीकडच्या बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोवरा शिंप्याच्या पत्र्यावर चढला. खालून शिंपी कात्री घेऊन बाहेर आला. "आता काय टाकतोयस?"

"टाकत नाही, काढतोय!"

पट्टी पन्हाळीत अडकली होती, उन्हाने जराशी फाकलेली. त्याने ती खाली आणली, वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले आणि ठोकळ्याच्या त्याच भोकांत बसवले. आई दारात उभी राहून बघत होती. कालपासून तिने विचारलं नव्हतं आणि याने सांगितलं नव्हतं. या घरात कुणी वेळेवर काही बोलेल तर शपथ!

"भिंत सरळ आहे ना रे?" शेवटी तिने विचारलं.

"नाही, आई. दोन बोटं वाकडी आहे." त्याने तिचा हात धरला, तिची दोन बोटं पट्टीच्या जाडीवर ठेवली. "बरोबर एवढी. शेजारची जुनी आहे तेवढीच. त्याने मुद्दाम बांधली. हात हलला नव्हता त्याचा."

आईने पट्टीवरून बोटं उचलली नाहीत. "मग हे आम्हाला सांगितलं का नाही त्याने?" ती चिडून म्हणाली. दादावर ती त्या दिवशी पहिल्यांदा चिडली, आणि मग पोटभर रडली.

मामाला कळलं तेव्हा तो डोक्याला हात लावून म्हणाला, "म्हणजे वाकडं माझंच डोकं." मी त्याला दुजोरा दिला.

आता भोवरा मामाच्या हाताखाली कामाला जातो आणि मी त्याच्या पिशवीत. पट्टी वेगळी फडक्यात बांधून ठेवलेली असते. सरळ भिंतीला तिचं काम नसतं. तो घाई करतो, दोरी गुंतवतो, भिंत जागेवर नसली की माझ्यावरच खेकसतो. दादाचा हात यायला त्याला पुष्कळ वर्षं लागतील. कधीकधी काम थांबवून तो मला नुसता लोंबू देतो आणि मी हलायचा थांबेपर्यंत बघत राहतो. मीही मग लवकर थांबतो.

माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे. एखाद्याची भिंत वाकडी दिसली, तर चार माणसांत बोलण्याआधी तिच्या शेजारची भिंत बघा. अंगात ताप असेल तर मजेत आहे म्हणू नका. कुणी 'ये, गंमत दाखवतो' म्हणालं, तर त्याच महिन्यात जा. आणि घरात लहान पोर असेल, तर मला जरा उंच खिळ्याला टांगा.

नाही, राहू द्या. खालीच ठेवा. ते टोक बोथट नसतं तर मी आज या घरात नसतो.